महादेवीची रांग

माझ्या रांगेत अकरा माणसं होती आणि महादेवीच्या रांगेत एकतीस.

पातेलं एकच होतं. भात एकाच चुलीवर शिजला होता, आमटीला फोडणी मीच दिली होती. दोन टेबलं, दोन डाव, वाढायला आम्ही दोघी. माझ्यापुढे उभं राहिलं तर तीन मिनिटांत ताट हातात पडत होतं. तरी नवीन आलेला माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग तिच्याकडे, आणि फाटकापर्यंत गेलेल्या तिच्या रांगेच्या टोकाला उन्हात जाऊन उभा राहायचा.

"ओ मामा, इकडं या की. इकडं मोकळं आहे," मी एकाला म्हणाले.

"असू दे बाई," तो म्हणाला. "थांबतो की. कुठं गाडी धरायचीय."

मागचे दोघंतिघं हसले. महादेवीही हसली. मी भाताचा डाव पातेल्यात खुपसला.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मार्चचा पहिला आठवडा होता, बुधवार. मिरजेत मोठ्या दवाखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, आमची पत्र्याची शेड होती. संस्थेचं नाव 'घासभर'. जत, अथणी, विजापूर, कवठेमहांकाळ इकडून पेशंट यायचे. पेशंटला खाट मिळायची. बरोबर आलेलं माणूस व्हरांड्यात झोपायचं आणि चहा-बिस्किटावर दिवस काढायचं. त्या माणसाला दुपारी एक वेळ पोटभर जेवण, एवढंच आमचं काम. सुमतीबाई उपाध्ये या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिकेनं ते सुरू केलं. त्यांना सगळे बाई म्हणत. मी पहिल्या दिवसापासून त्यांच्याबरोबर होते, म्हणजे तोवर नऊ वर्षं. महादेवी बिरादारला येऊन सात महिने झाले होते.

बाईंचे नियम दोन. पहिला: रांगेतल्या माणसाला नाव-गाव विचारायचं नाही, आणि वाढताना ताटाकडे बघायचं, तोंडाकडे नाही. याला कारण घडलं होतं. अगदी पहिल्या महिन्यात बाईंच्याच शाळेतले एक शिक्षक रांगेत होते. बाईंनी "अहो, मगदूम सर" म्हणून हाक मारली. सरांनी भरलेलं ताट टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. त्यांची बायको अजून पंधरा दिवस दवाखान्यात होती, पण सर पुन्हा शेडकडे फिरकले नाहीत. तेव्हापासून नियम झाला.

दुसरा: इथलं अन्न इथंच खायचं, बाहेर न्यायचं नाही. एका नातेवाइकानं पिशवीतून भात नेऊन, ऑपरेशन ठरलेल्या पेशंटला भरवला होता. ऑपरेशन पुढे ढकललं, मोठा गोंधळ झाला, दवाखान्याची माणसं शेडवर आली आणि पंधरा दिवस आमची चूल बंद राहिली.

मी दोन्ही नियम नऊ वर्षं पाळले. वाढताना मी मान वर केली नाही. नुसते हात बघून मला माणसं कळायची: ऊसतोडीचे हात, शिवणकामाचे, बाळंतिणीच्या आईचे. महादेवी पहिला नियम रोज मोडत होती. ती मूळची विजापूरकडची. कानडीतून चौकशी करायची, मराठीतून चिडवायची. "काय मावशी, सून शुद्धीवर आली का? मग आज दोन डाव घ्या." माणसं तिला ऑपरेशनची तारीखसुद्धा सांगायची.

मी बाईंना एकदा म्हणाले होते, "ती तोंडाकडे बघते."

"बघते खरी," बाई म्हणाल्या. "पण अजून कुणी ताट ठेवून गेलं नाही ना?"

मला आणखी एक सहन व्हायचं नाही. ती मला शालनक्का म्हणायची. शेडमध्ये बाकी सगळ्यांसाठी मी शालनताई होते. अक्का मला जन्मात एकच माणूस म्हणत आला होता, माझा धाकटा भाऊ निवास, आणि त्याच्याशी मी सहा वर्षं बोलत नव्हते. आई शेवटच्या आजारात त्याच्याकडे गावी होती. मी रजा काढून गेले, मऊ भात केला, घास तिच्या तोंडाशी नेला. आईनं तोंड फिरवलं. "वैजंताच्या हातचं दे," म्हणाली. वैजंता म्हणजे निवासची बायको. दोन दिवस असंच झालं. तिसऱ्या दिवशी मी वैजंताला नाही नाही ते बोलले. माझ्या आईला तू माझ्यापासून तोडलीस, इथवर. निवास म्हणाला, "अक्का, तू आता जा." मी गेले. आईच्या तेराव्यालाही गेले नाही.

त्या मार्चमध्ये बाईंना चौऱ्याहत्तरावं चालू होतं. गुडघे गेले होते, लेक पुण्याला बोलावत होती. महिनाअखेर त्या जाणार होत्या. रविवारी चार वाजता विश्वस्त बसून शेड कुणी चालवायची ते ठरवणार होते. कुणी म्हणजे मीच, असं मी धरून चालले होते. सोमवारी बाई सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "तू आहेस, महादेवी आहे. रविवारी बघू." तेव्हापासून मी दोन्ही रांगांतली माणसं मोजायला लागले होते.

अकरा आणि एकतीस, ते त्या मोजणीतलं.

त्याआधीच एक हात ओळखीचा झाला होता. अंगठ्याला निळ्या कापडाची चिंधी बांधलेला पुरुषाचा हात. मागच्या आठवड्यात चार दिवस तो माझ्या रांगेत आला. वाढून झालं तरी ताट माझ्यापुढून हलायचं नाही. काही जणांना आणखी हवं असतं आणि मागायची लाज वाटते, म्हणून मी दोनदा अर्धा डाव जास्त घातला. चौथ्या दिवशीही ताट थांबलं, तेव्हा मी म्हणाले, "पुढं व्हा. मागं माणसं आहेत." पाचव्या दिवशी ती निळी चिंधी मला महादेवीच्या टेबलावर दिसली.

इतकी माणसं तिच्याकडे गेली होती, पण ही एक गेलेली मला लागली. मी त्याला दोनदा अर्धा डाव जास्त घातला होता.

गुरुवारी अडीच वाजता वाढप संपलं. मी मसाल्याच्या खोलीत डबे लावत होते. खोलीच्या खिडकीला नुसती जाळी आहे, तिच्यातून मागचा हौद दिसतो. हौदाआड महादेवी उभी होती. तिनं खांद्यावरच्या कापडी पिशवीतून कडीचा एक लहान डबा काढला आणि समोरच्या माणसाच्या हातात दिला. माणूस माझ्याकडे पाठ करून होता, डोक्यावर टॉवेल. डबा घेणाऱ्या हाताच्या अंगठ्याला निळी चिंधी. ती खालच्या आवाजात काहीतरी बोलली. त्यानं टॉवेलच्या टोकानं डोळे पुसले आणि दवाखान्याच्या दिशेनं गेला.

मला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते मला आजही आठवतं. मोठ्या उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं.

संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेले. त्या गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवून बसल्या होत्या. मी जे बघितलं ते सांगितलं, वेळेसकट. काही वाढवून सांगितलं नाही, त्याची गरजच नव्हती.

"डब्यात काय होतं?"

"ते मला कसं कळणार?"

"तिला विचारलं नाहीस?"

"तुम्ही विचारलेलं बरं, बाई. मी विचारलं तर वेगळं दिसतं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या शाळेत बत्तीस वर्षं होत्या. एकीची तक्रार दुसरी घेऊन येते, तेव्हा कशी उभी राहते हे त्यांना माहीत असणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या येते मी."

शुक्रवारी त्या रिक्षानं आल्या आणि वाढप संपेपर्यंत कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या. अडीच वाजता महादेवी पिशवी घेऊन हौदाकडे गेली, पाच मिनिटांनी परत आली. बाईंनी तिला बोलावलं. मी टेबल पुसत होते. तेच टेबल मी तीनदा पुसलं.

"महादेवी, डबा दिलास कुणाला?"

"दिला, बाई."

"आपला नियम माहीत आहे?"

"माहीत आहे. पण आतलं इथलं नव्हतं. माझ्या घरचं होतं."

"दवाखान्यात गेलं की ते आपलंच होतं, बाई गं. उद्या काही झालं तर कोण विचारणार आहे कुठल्या घरचं म्हणून? कुणासाठी नेतो तो? मला नाव सांग. मी वॉर्डातल्या सिस्टरशी बोलते, डॉक्टरांना चालत असेल तर खुशाल दे."

महादेवीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. दार लावायचं की उघडं ठेवायचं असं ठरवताना माणूस दाराकडे बघतो, तसं.

"नाव सांगता येत नाही," ती म्हणाली. "शब्द दिलाय."

"मी तुला चोर म्हणत नाहीये."

"माहीत आहे."

"मग सांग की. पंधरा दिवस चूल बंद होती, तेव्हा शे-सव्वाशे माणसं उपाशी परत गेलीत या फाटकातून. मी पुण्याला निघालेय. असं अर्धवट कळलेलं मागं ठेवून जाऊ का?"

"नका जाऊ," महादेवी म्हणाली. तिनं ॲप्रन काढला, चार घड्या घातल्या आणि टेबलावर ठेवला, मी पुसलेल्या जागेवर. "तुमचं बरोबर आहे, बाई. माझंबी चूक नाही. मी येत नाही उद्यापासून."

तिनं चपला घातल्या आणि निघाली. बाई बराच वेळ त्या घडीकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "उद्या तिच्या टेबलावर कोण?"

"गौराला उभी करते," मी म्हणाले. गौरा भांडी घासायची. "होईल."

शनिवारी झालंही. गौरानं वाढलं, ती खाली बघूनच वाढत होती, कारण तिला भीती वाटत होती. बहुतेक माणसं माझ्या रांगेत आली. मोजलं तर त्रेपन्न भरली. दोघातिघांनी इकडेतिकडे बघितलं, एका म्हातारीनं कानडीत काहीतरी विचारलं, मला कळलं नाही. मी वाढत गेले. मला हवी होती तेवढी रांग माझ्यापुढे होती आणि ती लवकर संपावी असं वाटत होतं.

अडीच वाजता मी पाठमोरी बसून पातेलं खरवडत होते. मागून कुणीतरी विचारलं, "त्या बाई आल्या न्हाईत का आज?"

आवाजाला तोंड बघावं लागत नाही. मी वळायच्या आधीच मला कळलं होतं.

केस कपाळापासून मागे गेलेले, गाल बसलेले. सहा वर्षांत माणूस इतका उतरतो हे मला माहीत नव्हतं. हातात कडीचा रिकामा डबा, घासून लखलखीत केलेला. अंगठ्याला निळी चिंधी.

"निवास," मी म्हणाले.

"व्हय," तो म्हणाला, चोरी सापडल्यासारखा.

"कधी आलायस?"

"अठरा दिस झालं. वैजंता हाय आत. पोटाचं आप्रेशन झालंय."

"आणि मला कळवलं नाहीस."

"कळवायलाच आल्तो की. चार दिस तुझ्याच रांगेत हुतो, अक्का."

पातेल्यातला डाव माझ्या हातात तसाच होता. त्याच्यावरून पाणी गळत होतं.

"हाक मारायची."

"मारणार हुतो. पर तू वर बघितलंच न्हाईस. पयल्या दिशी वाटलं, गडबडीत हाय. दुसऱ्या दिशी जास्तीचा भात घातलास, तवा वाटलं वळीखलंय. वळीखलंय पर बोलायचं न्हाई. आन् चौथ्या दिशी तर तूच म्हणालीस, पुढं व्हा."

"आमचा नियम आहे तसा."

"त्या बाईंनी सांगितलं मागनं. तसा राग न्हाई माझा."

मी काय विचारावं? वैजंता कशी आहे, पैशाची काय सोय, पोरं कुणाकडे आहेत, असं कितीतरी होतं विचारण्यासारखं. मी विचारलं, "तिला काय काय सांगितलंस?"

"कुणाला?"

"महादेवीला."

"मी कशाला सांगतोय? तिच्या रांगेत गेलो तर तिनंच इचारलं, का ओ दादा, जेवताना रडताय का? मग आलं तोंडातनं. तू भन म्हणून, आईचं, सगळंच. पर मी हात जोडलं तिला, की अक्काला सांगू नका. तुला वाटंल, गरज पडली तवा भन आठवली." त्यानं डबा खाली ठेवला. "आंबील घिऊन यायची वैजंतासाठी. नाचणीची. डॉक्टरनी चिठ्ठीवर लिवून दिल्यालं दाखवलं मी तिला. तेवढंच उतरतंय घशाखाली. काल म्हणाली उद्या येते म्हणून, आन् आज न्हाईच. बरं न्हाई का तिला?"

या जागी मला लाज वाटली असं सांगायला हवं. वाटली, पण नंतर, दवाखान्याचा जिना चढताना. आधी वाटलं ते वेगळंच होतं. माझा भाऊ, माझ्या शेडमध्ये, आधी तिच्यापुढे रडला. ती माझ्या आईचं सगळं ऐकून बसली आहे. आणि हे ऐकूनही ती मला रोज शालनक्का म्हणत होती.

"बरी आहे ती," मी म्हणाले. "चल, वैजंताला बघते."

वॉर्डात वैजंता भिंतीकडच्या खाटेवर होती. चादरीखाली माणूस आहे की नाही असं वाटावं इतकी बारीक झाली होती. मला बघून तिनं पदर सारखा केला.

"वन्सं," ती म्हणाली. "बसा."

बसायला स्टूल नव्हतं. मी उभीच राहिले. मी वाटेतल्या दुकानातून दोन मोसंबी घेतली होती, ती उशाशी ठेवली. सिस्टर लांबूनच म्हणाली, "मोसंबी नाही चालणार हं त्यांना." मी ती परत पिशवीत टाकली.

"त्या बाईंस्नी सांगा," वैजंता म्हणाली, "आंबील लई ग्वाड हुती. माझ्या आईची याद आली."

"सांगते," मी म्हणाले.

निवास माझ्याबरोबर खाली फाटकापर्यंत आला. मी त्याला महादेवीचं काय झालं ते सांगितलं. कुणी सांगितलं हेही सांगितलं. त्यानं हातातला डबा माझ्यापुढे धरला. "तिचा हाय. तेवढा दे जा."

महादेवी रेल्वे लायनीच्या पलीकडे दोन खोल्यांत राहायची. नवरा मालधक्क्यावर हमाल होता. पाच वाजले होते, ती दारात बसून ज्वारी निवडत होती. मला बघून उठली नाही, सुपातले खडे बाजूला करत राहिली. मी डबा तिच्याजवळ ठेवला.

"कळलं का?" ती म्हणाली.

"कळलं. आंबील गोड होती, असा निरोप आहे."

"गूळ जास्त पडला होता काल."

"तू बाईंना चिठ्ठी दाखवायची. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं म्हणायचं. काम राहिलं असतं तुझं."

"चिठ्ठीवर नाव होतं की. बाई वॉर्डात गेल्या असत्या, चौकशी झाली असती, तुमच्यापर्यंत आलं असतं."

"म्हणजे मला सांभाळायला गेलीस."

"तुम्हाला कुठं?" तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "त्यांना शब्द दिला होता."

मी उंबऱ्याजवळ बसले. मला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"मी बाईंकडे गेले होते, गुरुवारी. मी सांगितलं."

"माहीत आहे. खिडकीला जाळी आहे, शालनक्का. इकडनं तिकडचं दिसतं, तिकडनं इकडचं नाही, असं असतं का? डब्यांआड उभ्या होता तुम्ही."

"बघितलं होतंस, मग शुक्रवारी परत कशाला दिलास? बाई समोर बसल्या होत्या."

"आंबील बंद करायची होती का?"

तिनं सूप पाखडलं. फोलपट माझ्या पायांवर येऊन पडलं, ते तिनं मुद्दाम केलं की वाऱ्यानं झालं, मला आजही सांगता येणार नाही.

"तुम्हाला मी पहिल्यापासनं नको आहे," ती म्हणाली.

"हो."

"कशामुळं? मी काय वाईट केलं तुमचं?"

"काही नाही. माझी रांग तुझ्याकडे गेली."

"मी बोलवायला गेले नव्हते कुणाला."

"म्हणूनच," मी म्हणाले.

ती पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून हसली, फार नाही, आणि सूप खाली ठेवून आत चहा टाकायला गेली. चहा पिऊन झाल्यावर मी म्हणाले, "उद्या चारला बैठक आहे. मी सगळं सांगणार आहे. तू ये."

"येते चारला."

"तीनला ये. भांडी पडलीत, गौरा एकटी आहे."

"बघा, सुटले तर लगेच कामाला लावलं," ती म्हणाली.

रविवारी शेडमध्येच बैठक होती. बाई, औषधाच्या दुकानवाले दानोळे आणि बँकेतून निवृत्त झालेले पाटुकले, असे तीन विश्वस्त. पाटुकले इतिवृत्त लिहायचे. मी उभी राहून सांगितलं. मागचा आठवडा, चार दिवस, पुढं व्हा, पाचवा दिवस, गुरुवार, हौद, डबा, शुक्रवार, शनिवार. कोण कुणाला काय म्हणालं तेही सांगितलं. बाईंच्या घरी जाताना मला कसं वाटत होतं, तेवढं सोडून. ते कुणी विचारलं नाही, आणि बाईंना विचारायची गरज नसावी.

सांगून झाल्यावर दानोळे म्हणाले, "खरं बोललात, शालनताई. हे एवढं कोण सांगतं हल्ली?"

मी मान खाली घातली. मनातल्या मनात मी या वाक्याचीच वाट बघत होते. आदल्या रात्री अंथरुणात मी सगळं ठरवून ठेवलं होतं. मी खरं सांगेन, महादेवी परत येईल, आणि इतकं खरं बोलणाऱ्या बाईच्याच हातात शेड द्यावी असं तिघांनाही वाटेल. खरं बोलल्याचं काहीतरी पदरात पडतं, अशी माझी समजूत होती.

बाईंनी गुडघ्यावरचा हात काढला. "शालन, मग आता तूच सांग. शेड कुणाकडे द्यायची?"

"अहो बाई, तिला कशाला कोड्यात टाकता?" दानोळे म्हणाले. "आपण ठरवू की."

"तिनंच सांगू दे. नऊ वर्षं तिनं काढलीत इथं. तिच्याइतकी ही शेड कुणाला कळते?"

पाटुकल्यांनी पेनाचं टोपण काढलं. बाहेर हौदावर भांड्यांचा आवाज चालू होता. महादेवी तीनला येऊन कामाला लागली होती. मी आठवड्याचा सगळा वृत्तांत न अडखळता सांगितला होता. आता एक नाव घ्यायचं होतं. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी मला सोडवलं नाही. बघत राहिल्या, फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलीकडे बघावं तसं.

"महादेवीकडे," मी म्हणाले.

"पूर्ण नाव?" पाटुकले लिहिता लिहिता म्हणाले.

"महादेवी मल्लप्पा बिरादार."

"मल्लप्पाला ल जोडला ना?"

"हो. जोडला."

त्यांनी लिहिलं, शाई वाळायला वही उघडीच ठेवली. बाई म्हणाल्या, "बस आता, शालन. पाणी पी." मी बसले नाही, बाहेर आले.

महादेवी हौदाशी उकिडवी बसून आमटीचं मोठं पातेलं घासत होती. कोपरापर्यंत राख लागली होती. गौरा घासलेली ताटं उन्हात लावत होती.

"काय ठरलं?" महादेवीनं विचारलं.

"तू."

तिचा हात थांबला. "कोण म्हणालं?"

"मी."

मग मान वर करून, तिच्या सवयीप्रमाणे थेट माझ्या तोंडाकडे बघत तिनं विचारलं, "तुम्हाला चाललं?"

"नाही," मी म्हणाले.

गौरा ताटं लावायची थांबली. महादेवीनं मान हलवली, जणू एवढंच तिला ऐकायचं होतं. मी पदर खोचला, तिच्या पलीकडे बसले आणि भाताचं पातेलं माझ्याकडे ओढलं.

"उद्या तांदळाची गाडी आहे," मी म्हणाले. "सहाला येते. शेड उघडायला उशीर करू नकोस, ते लोक थांबत नाहीत."